शेरा शाळेतच लिहायचा

माझं अक्षर चांगलं आहे. हे मीच सांगतो, कारण आता ते सांगणारं दुसरं कोणी उरलं नाही. ब्रह्मपुरीत आमचं गाद्या-रजया भरायचं दुकान. वडील आणि धाकटा भाऊ दिवसभर कापसात, आणि घरात मी एकटाच मास्तर झालो. वडील गिऱ्हाइकाला माझी वही दाखवून म्हणायचे, "हा आमचा मोठा. याच्या हाताला कापूस नाई लागला, शाई लागली." पुढे मी केंद्रप्रमुख झालो तेव्हा तर त्यांनी शेजारच्या दहा दुकानांत पेढे वाटले. केंद्रप्रमुख म्हणजे काय, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही.

केंद्रप्रमुख म्हणजे गुरुजी आणि साहेब यांच्या मधला माणूस. गुरुजी त्याला साहेब समजतात आणि साहेब त्याला गुरुजी समजतात. माझ्याकडे गडचिरोलीच्या आतल्या भागातल्या चौदा शाळा होत्या. त्यातल्या चार डांबरी रस्त्याच्या कडेला, बाकीच्या नाल्यापलीकडे, जंगलात. या शाळांना भेटी द्यायच्या, पोरं किती आली, वाचतात का, फळा काळा आहे का, खिचडीचा तांदूळ कोरडा आहे का ते पाहायचं आणि निघताना शेरेबहीत शेरा लिहायचा. शेरेबही ही प्रत्येक शाळेत असते. डाव्या बाजूला आम्ही काय पाहिलं ते लिहितो, उजव्या बाजूला गुरुजी त्यावर काय केलं ते लिहितात. तिचं पान फाडता येत नाही, लिहिलेलं खोडता येत नाही. एक शेरा बदलायचा तर त्याखाली दुसरा शेरा लिहावा लागतो.

या बहीत मी बरंच काही लिहिलं. एका शाळेत गुरुजींच्या सहा शेळ्या व्हरांड्यात बांधलेल्या होत्या, मी लिहिलं, "व्हरांड्यात सहा विद्यार्थी जास्तीचे आढळले. त्यांची नावे पटावर घ्यावीत किंवा त्यांना घरी न्यावे." एका गावात मोहफुलाच्या दिवसांत सगळी पोरं जंगलात आणि हजेरीपटावर सगळी हजर. मी गुरुजींना विचारलं, तर म्हणाले, "सर, थे मनानं इथीच हायेत." तोही शेरा मी लिहिला.

आणि एका गोष्टीचा मला फार अभिमान होता. माझ्या बरोबरीचे काहीजण महिन्याच्या सभेला गुरुजींकडून शेरेबह्या मागवून घ्यायचे आणि चहा पिता पिता दहा शाळांच्या भेटी लिहून मोकळे व्हायचे. मी ते कधी केलं नाही. शेरा शाळेतच लिहायचा, पाय धुळीने भरल्यावर. माझ्या चौदाही शाळांना ताकीद होती की शेरेबही शाळेच्या उंबऱ्याबाहेर न्यायची नाही. लोक मला कडक म्हणत. मला ते आवडायचं.

वैशालीबाईंची गोष्ट याच अभिमानाची आहे. बरीच वर्षं मी ती कोणाला सांगितली नाही.

वैशालीबाई आमच्याच ब्रह्मपुरीच्या. नवरा घुग्घुसला कोळसा खाणीत कामाला, पाळ्यांची नोकरी. बाईंना नेमणूक मिळाली ती नाल्यापलीकडच्या एका माडिया गावात. एक शिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. त्यांच्या आधी तिथे तीन गुरुजी येऊन बदली करून गेले होते. बाई पंचविशीच्या, सडपातळ, आवाज मात्र खणखणीत. गावात एका घराची पडवी भाड्याने घेऊन तिथेच राहिल्या. वर्षभरात माडिया भाषा बोलायला लागल्या. मी पहिल्यांदा भेटीला गेलो तेव्हा चौथीची पोरं अंक उलटे-सुलटे ओळखत होती. दुसऱ्या वर्षी भागाकार करत होती. मी चांगला शेरा लिहिला. बाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, "सर, इथं पोरीयबद्दल काई नाई लिवलं. पोरी येतच नाई, थे बी लिवा ना."

पोरी येत नव्हत्या कारण त्यांच्या कडेवर भावंडं होती. आईबाप शेतात, जंगलात. सात-आठ वर्षांची पोर घरी राहून सहा महिन्यांचं बाळ सांभाळणार. सगळीकडे तसंच होतं, आणि आम्ही त्याला 'पालकांची उदासीनता' असं लिहीत असू.

मग बाईंना मुलगी झाली. नाव पल्लवी. तीन महिन्यांची रजा संपली आणि बाई तान्ह्या पोरीला घेऊन शाळेत हजर झाल्या. वर्गाच्या सागवानी आढ्याला त्यांनी जुन्या लुगड्याची झोळी बांधली, त्यात पल्लवी. पाढे म्हणता म्हणता जवळचं पोर पायाने झोका द्यायचं. दारात उभ्या राहून हे पाहणाऱ्या बुधरीला, म्हणजे आठ वर्षांच्या एका पोरीला, बाईंनी सांगितलं, "तुया भावाले घेऊन ये. त्याची बी झोळी बांधू." दुसऱ्या दिवशी बुधरी आली. आठवड्याभरात आणखी चौघी आल्या, पाच झोळ्या आणखी लागल्या. त्या शाळेत पहिल्यांदाच पोरी टिकून बसल्या.

हे मला त्या एप्रिलपर्यंत माहीत नव्हतं. तालुक्याहून निरोप आला की पुढच्या आठवड्यात मोठे साहेब आतल्या शाळा पाहणार आहेत. मी घाईघाईने एकेक शाळा नीटनेटकी करत फिरत होतो. वैशालीबाईंच्या शाळेत गेलो तर आढ्याला सहा झोळ्या, एका कोपऱ्यात ओली फडकी वाळत घातलेली, एक पोर रडतंय, आणि बुधरी फळ्यासमोर उभी राहून पुस्तकातला धडा घडाघडा वाचतेय.

मला धडा ऐकू आला नाही. मला फडकी दिसली. साहेब येऊन हे पाहतील आणि 'केंद्रप्रमुख झोपले होते काय' असं म्हणतील, एवढंच डोक्यात. मी माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं, "वर्गखोलीत सहा झोळ्या बांधलेल्या आढळल्या. शिस्तीस बाधक. तात्काळ काढाव्यात."

बाईंनी वाचलं. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाल्या, "सर, झोळ्या गेल्या का पोरी जातीन."

मी म्हटलं, "चार दिवसांचा प्रश्न आहे. साहेब येऊन गेले की परत बांधा."

"तुमी 'तात्काळ' लिवलं हाये ना सर. माई नोकरी अजून कायम नाई."

"मी पुढच्या भेटीत दुसरा शेरा लिहून देतो. बांधाव्यात म्हणून."

"नक्की ना?"

"नक्की."

साहेब आलेच नाहीत. त्यांची जीप डांबरी रस्त्यावरच्या दुसऱ्या शाळेतून चहा घेऊन परत फिरली. मग परीक्षा आल्या, निकाल आले, उन्हाळ्याची सुटी लागली. बाई पल्लवीला घेऊन ब्रह्मपुरीला आईकडे गेल्या. जूनच्या शेवटी शाळा उघडली तेव्हा एकट्या परत आल्या. आठ महिन्यांची पोर आईपाशी ठेवून.

पुढे सभेला भेटल्या तेव्हा मी विचारलं, गावात कोणाकडे ठेवता आलं नसतं का? त्या म्हणाल्या, "माई पोर सांभाळाले दुसऱ्याची पोरगी घरी बसवू का सर? मंग मी शाळा कायची घेऊ?"

जूनमध्ये नाला घोट्याइतका होता. मी जाऊ शकत होतो. पण पुस्तकं वाटायची होती आणि मी रस्त्यावरच्या शाळा आधी केल्या, कारण त्या रस्त्यावर होत्या. दुसरं कारण सांगता येईल असं काही नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात नाला फुगला आणि पलीकडच्या शाळा आम्हाला बंद झाल्या. दरवर्षीच होतात. गावचे लोक पाणी उतरलं की धरून धरून येतात-जातात. आम्ही दसऱ्याची वाट पाहतो.

महिन्याची सभा मात्र केंद्राच्या गावी व्हायची आणि बाई ती चुकवत नसत. जुलैच्या सभेला आल्या, कमरेपर्यंत भिजलेल्या. सभा संपल्यावर माझ्याजवळ आल्या. मला वाटलं शेऱ्याचं काढतील. त्यांनी काढलंच, पण ते पुढच्या सभेला. त्या दिवशी दुसरंच विचारलं.

"सर, तुमी रविवारी घरी जाता ना? आमचं घर तुमच्या दुकानाच्या मांगच्या गल्लीत. पल्लवीले पाहून याल का?"

"पाहून काय करू?"

"काई नाई. दात किती आले थे पाहून या. आई सांगते, पण तिचं वय झालं, तिले नीट दिसत नाई."

मी गेलो. आजीने पोर माझ्या मांडीवर दिली. मी, चौदा शाळांचा केंद्रप्रमुख, बोट घालून दात मोजले. खाली दोन. ऑगस्टच्या सभेला मी बाईंना सांगितलं, "दोन होते, परवा पाहिलं तर चार झाले. वरचे दोन फट ठेवून आले आहेत." बाईंनी ते डायरीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "राखीले गेली व्हती मी सर. दोन बस बदलून गेली. मले पाहून रडाले लागली. आईच्या पदरात तोंड लपवलं." आणि हसल्या. ते हसणं मला आवडलं नाही.

"शेऱ्याचं पाहा ना सर. दिवाळीच्या आधी तिले आणतो म्हन्ते मी. जास्त दिवस झाले तं थे मले ओळखणार नाई."

"नाला उतरला की पहिली भेट तुमच्याकडे."

सप्टेंबरच्या सभेला बाई उशिरा आल्या. हातात युरियाची रिकामी प्लास्टिकची पिशवी, तोंड सुतळीने बांधलेलं. सगळे गुरुजी गेल्यावर त्यांनी सुतळी सोडली. आत आणखी एक पिशवी, तिच्या आत फडकं, आणि फडक्यात शेरेबही. कंबरभर पाण्यातून डोक्यावर धरून आणली होती.

"तुमाले येता येत नाई तं मीच घेऊन आली. एक ओळ लिवा फक्त."

मी बही हातात घेतली. कोरडी खडखडीत होती. माझाच एप्रिलचा शेरा वर होता. पेन माझ्या खिशाला होतं.

आणि मी म्हणालो, "बाई, शेरेबही उंबऱ्याबाहेर आणायची नाही हे तुम्हाला माहीत आहे. मी शाळेत आलो नाही तर भेट कशी लिहू? आजवर एकही शेरा मी घरबसल्या लिहिलेला नाही."

"भेट नका लिवू. झोळ्यायचं लिवा."

"तारीख टाकावी लागते. उद्या कोणी विचारलं, या तारखेला नाल्याला पूर होता, तुम्ही गेलात कसे? मी काय सांगू?"

त्यांनी वाद घातला नाही. त्यांनी तो घालायला हवा होता असं मला अजून वाटतं. बही पुन्हा फडक्यात गुंडाळली, पिशवीत घातली, दुसऱ्या पिशवीत घातली, सुतळी बांधली. गाठ मारता मारता खाली मानेनेच विचारलं, "पल्लवीले पायलं का सर?"

मी पाहिलं नव्हतं. त्या रविवारी मी दुकानात भावासोबत बसलो होतो, मागची गल्ली वीस पावलांवर होती, पण पाऊस होता म्हणून गेलो नाही. पण एक नकार देऊन झाला होता. दुसरा तोंडातून निघेना.

"पाहिलं ना," मी म्हणालो. "उभी राहते आता. भिंतीला धरून पावलं टाकते. आजी म्हणाली, आठ दिवसांत चालेल."

बाईंनी मान वर केली. इतका आनंद मी कोणाच्या तोंडावर क्वचितच पाहिला आहे. "चालते? खरंच?" म्हणाल्या. "अकरा महिन्यायचीच तं हाये." मग म्हणाल्या, "बरं हाये सर. दिवाळीत मी गेली का थे माह्याकडे चालत येईन." पिशवी डोक्यावर घेऊन त्या बांधाबांधाने निघून गेल्या. मी त्यांना पाहिलेलं ते शेवटचं.

बारा-तेरा दिवसांनी केंद्राच्या गावी निरोप आला. बाईंना ताप होता. तीन दिवस अंगावर काढला, कारण सहामाहीची तयारी चालली होती. चौथ्या दिवशी असंबद्ध बोलायला लागल्या तेव्हा गावकऱ्यांनी खाटेला लाकडी बल्ल्या बांधल्या आणि नाला ओलांडून त्यांना आणलं. मलेरिया डोक्यात गेला होता. गाडी मिळाली, दवाखान्यातही पोचल्या, पण उशीर झाला होता. खाट वाहून आणणाऱ्यांत बुधरीचा बाप होता. तो मला म्हणाला, "गुरुजी, बाई वाटनं पोरीच्या नावानं बोलत व्हती. चालते, चालते म्हने."

मी एका ओळखीच्या डॉक्टरांना नंतर विचारलं. ते म्हणाले, तो ताप डासाचा, पाण्यात भिजण्याचा नाही. मला ते कळतं. बाईंना मी मारलं असं मी म्हणत नाही. पण त्यांच्या आयुष्याचे शेवटचे तीन महिने त्यांची पोर त्यांच्याजवळ असू शकली असती, आढ्याला बांधलेल्या झोळीत. ते तीन महिने माझ्या पेनात होते आणि मी टोपण काढलं नाही.

ब्रह्मपुरीला अंत्यसंस्काराला गेलो. नवरा घुग्घुसहून आला होता, खाणीच्या कपड्यांतच, भिंतीकडे तोंड करून बसलेला. आजीच्या मांडीवर पल्लवी. मी न राहवून विचारलं, चालते का? आजी म्हणाली, "कुठची चालते बापा. अजून उभी बी नाई राहत. अशक्त हाये."

दसऱ्यानंतर नाला उतरला आणि मी शाळेत गेलो. वर्ग रिकामा होता, नवीन गुरुजी यायचे होते. टेबलावर तीच पिशवी. सुतळीची गाठ बाईंचीच. मी ती सोडली. माझ्या शेऱ्यासमोर, उजव्या बाजूला, बाईंनी लिहिलं होतं, "झोळ्या त्याच दिवशी काढल्या. पाच मुली शाळेत येणे बंद. शेरा बदलून मिळणेबाबत सरांना विनंती केली आहे. सरांनी होकार दिला आहे."

त्याखाली मी लिहिलं, "मागील शेरा चुकीचा होता. झोळ्या बांधाव्यात. मुलींनी लहान भावंडांना घेऊन शाळेत यावे." तारीख टाकली. शाळेत बसून, पाय धुळीने भरलेले असताना, अगदी नियमाप्रमाणे. नवीन गुरुजींनी झोळ्या बांधल्या. पाचपैकी तीन पोरी परत आल्या. बुधरी आली नाही. मी तिच्या घरी गेलो तर ती धान कापायच्या तयारीत होती. म्हणाली, "बाई नाई तं काऊन येऊ?" आणि विळा घेऊन निघून गेली.

मी त्यानंतर दहा-बारा वर्षं नोकरी केली. निवृत्त झाल्यावर दुपारी भावाच्या दुकानात बसायला लागलो. एका दुपारी सायकलवरून एक शाळेचा गणवेश घातलेली मुलगी आली. उंच, सडपातळ. मला वाटलं रजई भरायला टाकली असेल. म्हणाली, "शेख सर तुमीच का? मी पल्लवी. मांगच्या गल्लीतली."

बाप दुसरं लग्न करून घुग्घुसलाच राहिला होता. हिला आजीने वाढवलं. आजी त्या उन्हाळ्यात वारली होती. पल्लवी नववीत होती. कापसाच्या ढिगाशेजारी उभ्या उभ्याच तिनं विचारलं, "सर, एक विचाराचं व्हतं. आईनं मले आजीकडं काऊन धाडलं? आजी म्हने, शेख सरांले विचार, त्याईले माईत हाये."

मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. झोळ्या सांगितल्या, शेरा सांगितला. तिच्या आईनं दात मोजायला मला पाठवलं ते सांगितलं. त्यावर ती थोडी हसली. बही डोक्यावर धरून आणली ते सांगितलं, आणि मी ती का परत केली तेही. शेवटी चालण्याचंही सांगितलं. लपवता आलं असतं, पण तिच्यापुढे बसून लपवणं जमलं नाही.

"म्हनजे मी चालत नव्हती," ती म्हणाली.

"नाही. मी पाहायलाच गेलो नव्हतो."

"आन आई काय म्हनली?"

"खूश झाल्या. 'दिवाळीत थे माह्याकडे चालत येईन' म्हणाल्या."

ती ओढणीला चिकटलेला कापूस एकेक करून काढत राहिली. भावाने चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला. मग उठली, चप्पल घातली आणि दारात थांबून म्हणाली, "सर, आईले खोटं सांगता आलं ना तुमाले. मंग थे एक ओळ बी खोटी लिवून द्याची व्हती."

ती रागाने बोलली नाही. वहीत गणित कुठल्या पायरीवर चुकलं, ते तिच्या आईनं बोट ठेवून दाखवावं, तसं बोलली.